रांजणाच्या पाण्याला वाळा कशाला

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. मोठे साहेब लोक पेन्शनीत गेले की तपासाच्या आठवणी लिहितात. मी साहेब नव्हते. माझे यजमान जमादार होते. ते गेल्यावर ठाण्याने मला ठेवून घेतलं. बाईमाणसाला अटक झाली की तिची झडती घ्यायची, ती लॉकअपमध्ये असेपर्यंत दाराशी बसायचं, जबाब चालू असताना शेजारी उभं राहायचं, एवढं माझं काम. रोजावर भत्ता आणि पोलीस लाइनीतली शेवटची खोली. मला सगळे जमादारीणबाई म्हणत. मी कोणाशी फार बोलत नसे, म्हणून माझ्यासमोर सगळे बोलत.

त्या नोकरीतलं बरंचसं विसरले. ही एक केस मात्र पाणी प्यायला तांब्या उचलला की आठवते, म्हणजे दिवसातून दहादा. नावं कोणाची लिहीत नाही.

तेव्हा आमचा भाग धुळे जिल्ह्यात होता. तापीकाठची गावं, कापूस आणि केळीची. तळोद्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर एका मोठ्या शेतमालकाची पाणपोई होती. पाडव्याला सुरू व्हायची, मृगाला बंद. पाणी पाजायला एक म्हातारी भिलीण असायची. तिला सगळे डोकरी म्हणत. आमच्याकडे म्हातारीला डोकरीच म्हणतात. पाणपोई म्हणजे कुडाची खोपटी. कुडाला भोक पाडून पत्र्याची पन्हळ बसवलेली. आतून डोकरी तांब्याने पाणी ओतायची, बाहेर वाटसरू उकिडवा बसून ओंजळ धरायचा. आत पाणी कशात आहे ते कोणाला दिसायचं नाही. कोणी बघतही नसे.

वैशाखातला मंगळवार होता. संध्याकाळी पोलीस पाटील वर्दी घेऊन आला. एक गाडीवान दुपारी पाणपोईवर पोटभर पाणी प्याला, छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, तीही भरून घेतली, आणि दोन कोसांवर झटके येऊन गाडीतच गेला. बैलच त्याला घरी घेऊन आले. पाटलाने अजून एक गोष्ट सांगितली. मागच्या बाजाराच्या दिवशी ह्याच गाडीवानाची गाडी मागे सरकून खोपटीत घुसली होती आणि रांजण फुटला होता. डोकरीने भर रस्त्यात त्याला शिव्याशाप दिले होते. "तुन्हं वाटोळं व्हई" हे दहा जणांनी ऐकलं होतं.

फौजदार साहेबांना आणखी काय पाहिजे? दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा झाला. खोपटीत मातीचा डेरा, तांब्या, झाकणी, बसायला गोणपाट. डेऱ्यातलं पाणी आणि छागलीतलं पाणी बाटल्यांत सीलबंद करून पुण्याला सरकारी प्रयोगशाळेत गेलं. डोकरीला आणलं. मी झडती घेतली. कनवटीला तंबाखू आणि एक बिब्बा, दुसरं काही नाही.

जबाब तीन दिवस चालला. साहेब वाईट नव्हते, पण त्यांच्या आवाजाने खिडकीतली चिमणी उडायची.

"पुडी कोणी दिली?"

"कसानी पुडी, साहेब? मी जहर टाकं नही."

"रांजण फुटल्यावर शाप दिलास की नाही?"

"दिधा. शाप दिसन मानूस मरता तर हाऊ गाव कधीच रिकामा व्हई जाता."

कॉन्स्टेबल तोंड फिरवून हसला. साहेब हसले नाहीत.

"मग पाण्यात काय होतं?"

ह्या प्रश्नाला ती गप्प. टेबल आपटलं तरी गप्प. मी एवढी वर्षं बसून एक पाहिलं होतं. स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. दुसऱ्यासाठी लपवणारा जमिनीकडे बघत राहतो. डोकरी जमिनीकडे बघत होती. पण हे साहेबांना सांगायची माझी हिंमत नव्हती. दुसरं एक होतं, तेही मी सांगितलं नव्हतं. ते पुढे येईल.

दोन आठवड्यांनी पुण्याहून कागद आला आणि कागदामागून एक बाई आल्या. पाण्यातल्या विषाचा, रसायनांचा अभ्यास केलेल्या, प्रयोगशाळेतल्या. चाळिशीच्या असतील. बरोबर बाटल्यांची लाकडी पेटी. ठाण्यातले शिपाई म्हणाले, "पाण्याचं पोस्टमार्टेम करायला आल्या." एकट्या बाईने डाकबंगल्यात राहणं साहेबांना बरं वाटेना, म्हणून त्यांना माझ्या खोलीत उतरवलं.

कागदात होतं की छागलीत विष आहे, कपाशीवर मारायच्या औषधाचं. डेऱ्यात काहीच नाही. साहेबांचं मत पक्कं झालं. सगळ्यांच्या पाण्यात नाही, ह्याच्याच छागलीत, म्हणजे जाणूनबुजून. कलम ३०२. बाई म्हणाल्या, "आणि त्या आठवड्यात त्या रस्त्यावरच्या सहा जणांना उलट्या झाल्या, त्यांचं काय?"

"बाईसाहेब, आमच्याकडे वैशाखात ऊन कसं असतं ते पुण्यात कळायचं नाही," साहेब म्हणाले.

बाई त्या दिवशी पाच विहिरी, नदी आणि नाला हिंडून आल्या. दुपारी तीनला माझ्याकडे जेवायला बसल्या तेव्हा चेहरा काळवंडला होता. मी पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो वाकवून आत पाहिलं, मग प्याल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घासलेला आहे हो," मी म्हटलं.

"तुमच्यावर संशय नाही, वहिनी. सवय लागलीय." त्या थकून हसल्या. "मी जाते तिथे लोक विचारतात, पाण्यात कोणी टाकलं. टाकणारा क्वचित सापडतो. मी विचारते, पाणी कुठून आलं आणि कशात होतं. ह्याचं उत्तर देताना मात्र सगळ्यांना कंटाळा येतो. आता हेच बघा. सहा जणांना एकदम उलट्या, आणि म्हणे ऊन."

माझ्या तोंडून गेलं, "सात."

"काय?"

"सातवी मी."

सोमवारी, गाडीवान गेला त्याच्या आदल्या दिवशी, मी बहिणीच्या गावाहून येताना तिथे ओंजळभर पाणी प्याले होते. घरी येऊन दोनदा उलटी झाली, डोकं गरगरलं. मलाही ऊनच वाटलं. पुढे केस झाल्यावर वाटलं, आपण ठाण्याचं माणूस, आपलं नाव साक्षीदारात आलं तर कोर्टात सगळ्यांपुढे उभं राहावं लागेल. त्या भीतीने गप्प बसले. एक बाई गजाआड होती आणि मी तिला भाकरी देत होते आणि गप्प होते.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "चव कशी होती?"

"चव काही नाही. वाळ्याचा वास होता."

"पाणपोईत वाळा टाकतातच की."

"ही डोकरी नाही टाकत. मी दरवर्षी तिथे पिते. एकदा मी म्हटलं होतं, थोडा वाळा टाक. तर म्हणाली, रांजणाच्या पाण्याला वाळा कशाला, मातीचाच वास गोड. यंदा पहिल्यांदा टाकला."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे यंदा पाण्याला दुसरा कसलातरी वास येत होता." मग म्हणाल्या, "पंचनाम्यात डेऱ्यात वाळा लिहिलाय का?"

नव्हता लिहिला. पंचनामा वाचून दाखवला तेव्हा मी तिथेच होते. रांजण फुटला शुक्रवारी. नवा मिळणार तो पुढच्या शुक्रवारी, कारण कुंभार फक्त बाजाराला येतो. मंगळवारी गाडीवान गेला, बुधवारी पोलिसांना डेरा दिसला. मधले चार दिवस पाणी कशात होतं, हे कोणीच विचारलं नव्हतं.

मी उठून लॉकअपकडे गेले. बाई माझ्यामागे येऊन दाराशी थांबल्या.

"डोकरी, पानीमा वाळा कशाले टाकेल व्हता?"

तिने मान वर केली आणि एकदम रडायला लागली. इतके दिवस साहेबांच्या आवाजाने रडली नव्हती.

"त्या पोरनं नाव लेऊ नको माय. मन्ही आन शे तुले."

"नही लेत. सांग."

पोर म्हणजे मालकाची सून. रांजण फुटला त्या संध्याकाळी डोकरी वाड्यात गेली. सासू लग्नाला गेलेली. त्या घरात सासूला विचारल्याशिवाय सुपारीसुद्धा बाहेर जात नसे. पण उन्हातान्हाची माणसं तहानलेली जातील म्हणून सुनेने गोठ्यातलं एक पत्र्याचं पिंप काढून दिलं. दिवाळीत कपाशीचं औषध संपलं, तेव्हापासून ते रिकामं पडलं होतं. चांगलं, न गळणारं पिंप. असली पिंपं कोणी टाकत नसे. लोक त्यात धान्य भरत, पत्र्याचं काम करणारे त्याच्या बादल्या करत.

"राख लाईसन तीन येळा घासं व्हतं," डोकरी म्हणाली. "तरी वास ई ऱ्हायंता. मंग वाळा टाका. गाडीवान मरना, पोलीस ई ऱ्हायनात असं समजनं. माले वाटनं, त्या पिंप देखतीन, पोर सापडी जाई. सासू तिले घरमा ठेवाव नही. मंग मी पिंप परत नेईसन ठेवं नि मन्हा घरना डेरा आना."

"आनि जहर?"

"पिंपमा जहर शे, हाई माले काय माहीत? रिकामं व्हतं ना!"

गाडीवानाच्या छागलीत डोकरीने उरलंसुरलं पाणी तळापासून काढून ओतलं होतं. बाकीच्यांना ओंजळ मिळाली, त्याला पिंपाचा तळ मिळाला.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. सांगावं तर त्या सुनेचा संसार जातो आणि माझी शपथ मोडते. न सांगावं तर डोकरी फासावर जाते. बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी एकच विचारलं, "ते पिंप आता कुठे आहे?"

"गोठ्यातच."

"मृगाच्या आधी त्यात काय भरतात?"

त्या घरात वर्षाची तूरडाळ भरत. तेवढं मनात आलं आणि मी उठले.

फौजदार साहेबांसमोर मी आपणहून उभी राहिले ती तेवढीच. बोलताना पदर चावत होते. साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जमादारीणबाई, इतके दिवस तोंडात काय होतं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन गेलो. पिंप वैरणीमागे होतं, सासूने धुऊन उन्हात वाळवायला काढायचं ठरवलं होतं. बाईंनी आत कंदील सोडून पाहिलं आणि चिमट्याने तळाच्या सांध्यातून वाळ्याची एक काडी ओढून काढली. मालक म्हणाला, "साहेब, घरातून कोणी दिलेलं नाही. म्हातारीने चोरलं असेल."

तेव्हा दाराआडून आवाज आला. "चोरं नही. मी दिधं. तिनं काहीच चुकनं नही." डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला, पण आवाज कापत नव्हता. सासूने तिच्याकडे पाहिलं, ते पाहणं मला अजून दिसतं.

पिंपाच्या पत्र्यात औषध निघालं. राखेने घासून, नुसत्या पाण्याने धुऊन ते जात नाही, असं बाईंनी साहेबांना लिहून दिलं. कोर्टाने सी समरी मंजूर केली. म्हणजे मुद्दाम कोणी केलं नाही, चुकीने घडलं. डोकरी सुटली. सून त्याच आठवड्यात माहेरी पाठवली गेली.

जायच्या दिवशी बाई गावात घरोघर फिरल्या. असली पिंपं फोडा आणि पुरा, म्हणाल्या. माणसं हो हो म्हणाली. एक म्हातारा म्हणाला, "बाईसाहेब, चांगलं पिंप फोडाले जीव व्हत नही." स्टेशनवर मी त्यांना म्हटलं, "तुमचं ऐकतील का?" त्या म्हणाल्या, "थोडी ऐकतील. बाकीच्यांसाठी परत यावं लागेल." पेटी उचलून त्या गाडीत चढल्या. परत आल्या नाहीत. एक पोस्टकार्ड आलं होतं, ते माझ्या पेटीत आहे. पुढच्याच वर्षी एका दारात मी तसल्याच पिंपात तुळस लावलेली पाहिली.

केसने मला काय शिकवलं ते सांगते. ठाण्यात आम्ही सगळे माणूस शोधत होतो, कारण माणसाला बेड्या घालता येतात. भांड्याला कोण घालणार? आणि दुसरं, भिडस्तपणा हा गुण म्हणून मला लहानपणापासून शिकवला होता. तो गुण नाही. माझ्या भिडेपायी एक निरपराध बाई दोन आठवडे जास्त गजाआड राहिली.

डोकरी माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मी शपथ मोडली होती. मग एका बाजाराच्या दिवशी दाराशी आली आणि आठ आणे माझ्या हातावर ठेवले. मालकाने तिला मोसमाची मजुरी आगाऊ दिली होती, अठरा रुपये. ते माझ्याकडे साठवून परत करायचे होते.

"अगं, तुला कोणी मागितले का?"

"पानी पाजानी मजुरी व्हती. मन्हा हातनं पानी पिसन मानूस मरना. हाऊ पैसा मन्हा कसा व्हई?"

मी खूप समजावलं. मालकाचं पिंप, मालकाचं औषध, पैसे देते कोण तर डोकरी. तिला ते पटत नव्हतं. चारोळी विकून, केरसुण्या विकून ती कधी आठ आणे आणायची, कधी चार, कधी नुसतीच येऊन बसायची. मी डबीत ठेवत गेले. दोन वर्षं लागली.

मग एका सकाळी आम्ही दोघी मालकाच्या घरी गेलो. सून परत आली होती, कडेवर मूल होतं. आम्हाला बघून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोकरीने ओंजळ धरली. सून ओतत राहिली आणि ती डोळे मिटून प्याली, पोटभर. माझी पाळी आली तेव्हा मी मात्र तांब्या वाकवून आत पाहिलं.

सासूने डबी पदरात ओतली, एक एक नाणं बाजूला सारत मोजलं, दोनदा मोजलं, आणि म्हणाली, "पुरा व्हयनात."

अठरा रुपये होते. सगळे फिटले.