न वाजवलेल्या टाळ्या
धाकटे, चेलोच्या गजाला लावायचा तुझा राळेचा खडा तू सुट्टीत इथेच विसरून गेलीस. काल कपाट आवरताना त्याचा वास आला आणि इथल्या सदर वस्तीतल्या सभागृहातली एक जुनी संध्याकाळ आठवली. इंग्लंडहून वाद्यवृंद आला होता आणि मी सासूबाईंना हौसेने सोबत नेलं होतं. चेलो वाजवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची. महायुद्धात गेलेल्यांच्या दुःखातून तिकडच्या एका संगीतकाराने लिहिलेली रचना ती वाजवत होती; तेवढं मी सासूबाईंना आधीच सांगितलं होतं. आवाज नको म्हणून पंखे बंद ठेवलेले, तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि खर्जातला शेवटचा सूर हळूहळू विरून गेला. मी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "टाया काहून वाजवतं वं? ते पोरगी रडून राहिली ना!" त्यांचा आवाज सभागृहभर गेला आणि उचललेले सगळे हात खाली आले. मुलीचा चेहरा पडला. आपलं वाजवणं फसलं असंच तिला वाटलं असणार. मग सासूबाई मला ओढतच मंचापाशी गेल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "माहा भाऊबी लढाईतून वापस आला नाही, पोरी." मी ते इंग्रजीत सांगितलं, तशी तिने वाकून आपलं कपाळ त्यांच्या हातावर टेकवलं. एरवी कुणाकडूनही निघताना "येतो वं" म्हणणाऱ्या सासूबाई तिथून ते न म्हणताच निघाल्या, दुखवट्याच्या घरातून निघतात तशा. तुझा कार्यक्रम मी इथून फोनवर पाहणार आहे. शेवटी माझे हात मांडीवरच राहिले, तर खट्टू होऊ नकोस.