कुमुदताईंच्या बोटांमागे राहिलेली अक्षरं

आधी माझा एक मूर्खपणा कबूल करून टाकते. चार वर्षांपूर्वी, मी अवघी अडुसष्ट वर्षांची पोर असताना, माझ्या नणंदेसाठी छोटा डेस्कटॉप संगणक आणायला सीताबर्डीला गेले आणि दुकानदाराला अक्कल शिकवून आले. नणंद म्हणजे कुमुदताई. दीड महिन्यापूर्वी दुपारच्या चहाला त्यांना हाक मारली, ओ आली नाही. चहा ओट्यावर तसाच राहिला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडता निवडता उठते, ताईंच्या मागच्या खोलीत जाते, चादर सारखी करते, परत येते, पुन्हा जाते... सून म्हणते, आई, पायाला चाकं लावली का?

ताईंनी धरमपेठेत तीस वर्षं मराठी टायपिंगचा क्लास चालवला. मुलींनी बोटांकडे बघू नये म्हणून त्यांच्या हातांवर नॅपकिन टाकायच्या आणि मागे उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगायच्या, कुणाची करंगळी आळशी आहे. लग्न केलं नाही. क्लास बंद झाल्यावर आमच्याकडे मनीषनगरला राहायला आल्या, सोबत एक टाइपरायटर घेऊन. मग मागच्या दाराशी माणसं यायला लागली. कुणाचा नळाचा अर्ज, कुणाची सोसायटीची नोटीस, कुणाच्या मुलीचा लग्नाचा बायोडाटा. त्यात ‘गृहकृत्यदक्ष’ असलं की ताई विचारायच्या, अन् पोराले काय येते? तो बाप बिचारा ते खोडायला कागद घेऊन कोपऱ्यात बसायचा. मी मात्र त्या घरात कायम मागे. पोळ्या हळू, हिशेब हळू, उत्तर तर दुसऱ्या दिवशी सुचणार. ताई कधी टोमणा मारत नसत, तेच जास्त लागायचं.

पुढे टाइपरायटरची रिबन मिळेना. ताईंनी ते यंत्र कामठीच्या रेखाला, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, देऊन टाकलं आणि संगणक घ्यायचं ठरलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मला पाठवलं. अट एकच. स्वस्त घे, जुना घे, पण माझ्या हाताले थांबवणारा नको. दुकानात जेवणाच्या डब्याएवढा एक वापरलेला संगणक पाहिला आणि मी त्याच्यावर भाळले. दुकानदार म्हणाला, “माताजी, चार जीबी रॅम में अटकेगा. आठ डलवा लो, और डिस्क भी नयी वाली.” रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, हे मला आता कळतं. ओटा लहान असला की एक भांडं उतरवल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. तेव्हा मी ऐटीत म्हणाले, सत्तरी उलटलेल्या बाईचे हात किती धावणार आहेत, द्या आहे तसाच. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा हसले आणि डबा पिशवीत घालून विजयी मुद्रेनं घरी आले.

ताईंनी जुन्याच मांडणीचा मराठी कीबोर्ड बसवून घेतला आणि बोटं सोडली. पडद्यावर काही नाही. मग एकदम अर्धी ओळ. कळ दाबली गेली नसेल असं वाटून त्या पुन्हा दाबायच्या, की तेच अक्षर दोनदा उमटायचं. ‘अर्जदार’ शब्दाला शेपटी फुटायची. पहिल्या दिवशी त्या हसल्या. आठवड्यानं हातांकडे पाहायला लागल्या. त्या बाईनं आयुष्यात कधी आपल्या हातांकडे पाहिलं नव्हतं... महिन्याभरात औषधी तेल आलं, खोलीला त्याचा वास धरला. सकाळी टेबलाच्या कडेवर बोटांचा सराव चालायचा, शाळेतल्या पोरीसारखा. मागच्या दाराशी कुणी आलं की म्हणायच्या, माझे हात गेले आता, दुसरीकडे करून घ्या. उन्हाळ्यात आलेली माणसं पावसाळ्यात यायची थांबली.

आणि मी? मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, अडतंय ते यंत्र, हात नाहीत. एका वाक्याचं काम होतं. पण मग दुकानातली ऐट बाहेर आली असती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती लिहिताना आत्ताही खुर्चीवरून उठून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ताई माझ्याइतक्या हळू झाल्या होत्या आणि मला ते बरं वाटत होतं. मी त्यांना तेल लावून द्यायचे. प्रेमानं द्यायचे, हेही खरं.

दिवाळीनंतर रेखानं फराळाला कामठीला बोलावलं. बैठकीत तेच यंत्र, झाकण घालून ठेवलेलं. ती म्हणाली, मॅडम, एक ओळ मारून दाखवा. ताई नको नको म्हणाल्या, पण तिनं स्टूल सरकवलं, कागद चढवला. ताईंनी एक कळ जपून दाबली, दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तशी. मग दुसरी. मग ते यंत्र असं धावलं की रेखाची सून कढई सोडून बाहेर आली. घंटी वाजायची, ओळ परत, पुन्हा घंटी... ताईंनी कागद काढला, वरपासून खालपर्यंत वाचला. एक चूक नाही. मग त्यांनी रेखाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी अनारसा खाण्यात गुंतले.

परतीच्या ऑटोत सहा माणसांच्या गर्दीत मी सांगून टाकलं, “तुमच्या हाताले काही झालं नाही ताई, यंत्रच लहान घेतलं मी.” ऑटोचा आवाज इतका की त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना. त्यांनी फक्त पदर आवरला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पिशवीत घालून ताई मागच्या दारात उभ्या होत्या, मला घेऊन दुकानात निघाल्या. दुकानदारानं चार स्क्रू काढले, रॅमची एक पट्टी उपसून दुसरी खोचली, डिस्क बदलली. तो सगळं जुनं नव्या डिस्कवर उतरवत असताना ताईंनी सहज विचारलं, हे पहिल्याच दिवशी नसतं का झालं? त्यानं माझ्याकडे बोट केलं. “मैंने तो दो बार बोला था, माताजी.” ऑटोत मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं त्यानं सांगितलं.

त्यानंतर तीन वर्षं मागचं दार पुन्हा वाजत राहिलं. त्या डब्यात रॅम एकदा पुन्हा वाढवून घेतली, या वेळी ताईंनी स्वतः, मला बरोबर न नेता. आता नातू म्हणतो, आजी, हे मॉडेल जुनं झालं, देऊन टाकू. मी देत नाही. हा लेख त्याच्यावरच टाइप करते आहे, दोन बोटांनी. माझ्या बोटांपुढे यंत्र रिकामं बसून वाट पाहतं. चार ओळी झाल्या की उठते. माफी मागायची राहिली म्हणून उठते असंही नाही, माफी मी मागितली होती, त्याच दिवशी दुकानातून आल्यावर. ताई उन्हाळ्यापासून अडकलेला शेजाऱ्यांचा नळाचा अर्ज टाइप करत होत्या आणि अक्षरं बोटांच्या बरोबरीनं येत होती. मी मागे उभी राहून म्हणाले, चुकलं माझं. त्यांनी अर्ज पुरा केला, खाली तारखेची जागा सोडली, आणि वळून न पाहता म्हणाल्या, “तू मले म्हातारी समजली, त्याचं काही नाही वं सुधा. मीही समजून बसली, याचा राग येऊन राहिला मले.”