परण्यातलं क्लारनेट

दोन हजार एकोणीस साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो. हे आधार कार्डावरचं वय. आई म्हणायची, मी त्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढं मेंढरांमागं गेलो. लिहायला हात जड आहे, पण हे मी कुणाकडून लिहून घेणार नाही. दुसऱ्यानं लिहिलं तर तो माझी बाजू धरील, आणि माझी बाजू धरण्यासारखं यात काही नाही.

चौसाळ्याच्या फाट्यावर एका हॉटेलात आमची रोज सकाळची बैठक असायची. हॉटेल म्हणजे वर पत्रा, खाली दोन बाकडी आणि चहा. तिथं तिघांचं भांडण ठरलेलं. एक मी. दुसरा एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, माझ्याच वयाचा. तिसरा डीजेवाला, तीस-बत्तीसचा गडी, टेम्पोवर बॉक्स बांधून लग्नं करायचा. भांडण कशावरून, तर बँडवरून.

आमच्या तरुणपणी या भागात दोन बँड पार्ट्या लई गाजल्या. नावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, कोटाच्या रंगावरून ओळखायचे. मी लाल कोटवाल्यांचा, ड्रायव्हर निळ्या कोटवाल्यांचा. लोक पुढाऱ्यांवरून भांडतात तसे आम्ही कोटांवरून भांडायचो. कुणाचा ताशा कडक, कुणी कुठल्या गावात वरात एका जागी किती वेळ खिळवून ठेवली, वरच्या सुरात जाताना कोण कच खायचं, सगळं आम्हाला तोंडपाठ. नारायणगडाच्या जत्रेत एकदा दोन्ही बँड समोरासमोर आले होते. असे आले की सामना लागायचा. जो आधी थांबला तो हरला.

"तुझे निळे कोटवाले त्या दिवशी गप बसले," मी म्हणायचो.

"गप न्हवते बसले, जेवायला गेलते," ड्रायव्हर म्हणायचा.

"सगळे एकदम?"

"पंगत एकदमच बसती बे."

डीजेवाला चहा पीत हसायचा. एक दिवस तो म्हणाला, "आबा, तुमी दोघं ज्याच्यावरनं भांडताय ते आता कुनाला ऐकायला तरी मिळतंय का? माझं कसं, बटन दाबलं का गाणं हजर."

"बटन दाबणं म्हंजी वाजवणं न्हाई."

"मंग या की एकदा दाबायला. सलग तीन दणक्याची लावली का पोरं दमून बसत्यात. मधी एक हळू सोडावं लागतं. कोणतं आन् कवा, ते पब्लिकच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागतं. तेबी वाजवणंच हाय, आबा."

"माणूस फुंकत न्हाई, तवर ते वाजवणं न्हाई," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. दुसऱ्या बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली, आणि मला कुणी वळून बघितलं की बरं वाटतं. ही माझी जुनी खोड. त्या भरात मी पुढचं बोलून बसलो. "लाल कोटातला क्लारनेटवाला जिता हाय अजून. आमच्या नातवाच्या परण्याला त्यालाच आणतो. तुझे बॉक्स मागं उभे कर आन् कान उघडे ठेव."

परण्या म्हणजे लग्नाच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो. नातवानं त्यासाठी याच डीजेवाल्याला ठरवलं होतं. मी घरी सांगितलं, डीजे राहू द्या, पण मारुतीपर्यंत आधी क्लारनेट वाजंल. नातू म्हणाला, "आबा, ते आता कुणी वाजवत न्हाई." मी म्हणालो, "मी सांगतो म्हणून वाजंल." माझ्या घरात यापुढं कुणी बोलत नाही.

क्लारनेटवाला गेवराईकडच्या एका खेड्यात लेकीकडं राहतो, हे मला एका मेंढपाळानं सांगितलं होतं. मी गेलो. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस, अंगानं बारीक. मी जत्रेतला सामना काढला तसे त्याचे डोळे हलले, पण तोंडावर हात ठेवून बोलत होता. त्याला आम्ही सगळे मास्तरच म्हणायचो.

"मास्तर, नातवाचं लग्न हाय. मारुतीपतुर वाजवायचं."

"न्हाई जमायचं, पाव्हणं. पुढचे दात गेल्यात. ही कवळी हाय. क्लारनेटला वरच्या दाताचा टेका लागतो."

"फुंकायला दात कशाला? दम पायजे. दम हाय का न्हाई?"

"दम हाय. पर दातं न्हाईत."

लेक आतून म्हणाली, "बाबांना उन्हात नेऊ नका, काका." मला वाटलं, हे दोघं मिळून भाव खात आहेत. दाताचं निमित्त आहे, मनातून त्याला यायचंच आहे. माझ्या मनात असलं की ते दुसऱ्याच्याही मनात आहे, असं मी जन्मभर धरत आलो. मास्तर पुन्हा म्हणाला, "न्हाई, पाव्हणं. लोकं हसतील."

तेव्हा मी खिशातून सुपारी काढली. बँडवाल्यांत काम ठरवण्याला सुपारीच म्हणतात, आणि जुन्या लोकांत खरी सुपारी हातात द्यायची रीत होती. एकदा हातात आली की ती परत करत नसत. ज्यानं परत केली त्याला त्या गावात पुन्हा कुणी बोलवत नसे. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मी त्याचा पंजा उघडला, सुपारी ठेवली आणि वरून त्याची मूठ माझ्या दोन्ही हातांनी मिटली. तो मुठीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कवा यायचं?"

दुसऱ्या दिवशी हॉटेलात हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. मूठ कशी मिटली तेही दाखवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अकराला परण्या निघाला. मास्तर लाल कोट घालून आला होता. कोटाचा रंग विटकरी झाला होता, खांद्याला ढिला पडला होता. साथीला मी गावातले दोन हलगीवाले दिले. नवरदेव घोड्यावर, पुढं मास्तर, मागं डीजेचा टेम्पो, बॉक्स बंद. मी मुद्दाम ड्रायव्हरच्या शेजारी चालत होतो, त्याचं तोंड बघायला.

मास्तरनं क्लारनेट ओठाला लावलं आणि पहिले चार-पाच सूर निघाले. तेच होते ते. जत्रेतलेच. मी ड्रायव्हरला कोपरानं ढोसलं. तो खाली मान घालून ऐकत होता, एवढंच म्हणाला, "हाय बाबा, हाय."

वेशीजवळ पोरं नाचायला लागली. हलगी चढली, तसा मास्तर वरच्या सुरात गेला. तिथं क्लारनेट किंचाळलं. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. पोरं हसली. त्यानं थांबून जिभेनं कवळी जागेवर बसवली आणि परत लावलं. परत किंचाळलं. मी पुढं होऊन म्हणालो, "दम लावा, मास्तर, दम." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. डोळे मिटून दम लावला, आणि कवळी तोंडातून सुटून खाली नाचणाऱ्यांच्या पायात पडली.

हसू उठलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं मोबाइल वर करत होती. मास्तर एका हातात क्लारनेट धरून खाली वाकला आणि धुळीत चाचपायला लागला. पाय त्याच्या बोटांच्या जवळून जात होते. मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. मी हललो नाही.

तेवढ्यात टेम्पोवरच्या माईकमधून डीजेवाल्याचा आवाज आला. "कुनीबी पाय उचलू नका. जो जिथं हाय तिथंच उभा ऱ्हावा. मोबाइल खाली." सगळी वरात जागच्या जागी थांबली. घोडासुद्धा थांबला. डीजेवाला उडी मारून खाली आला, गुडघ्यावर बसला, कवळी शोधली, स्वतःच्या रुमालानं पुसली आणि मास्तरच्या हातात दिली. मग टेम्पोवर जाऊन त्यानं एक संथ गाणं हळू आवाजात लावलं, दणक्याचं नाही. लोकांचं लक्ष आपोआप तिकडं गेलं. मधी एक हळू सोडावं लागतं, म्हणाला होता तो.

मास्तर बाजूला एका ओट्याजवळ तांब्यातल्या पाण्यानं कवळी धूत होता. मी तिथं गेलो. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. त्याच वेळी नवरीकडचे मामा आले. कडक इस्त्रीचे, तालुक्यात वजन असलेले. "आबा, हे म्हातारं कुणी आणलं? पाव्हण्यात शोभा झाली."

मी म्हणालो, "त्यांनीच हट्ट धरला. म्हणले, एकदा वाजवू द्या."

हे वाक्य मी बोललो. मास्तर माझ्यापासून हातभर लांब होता. त्यानं तांब्या खाली ठेवला, कवळी तोंडात घातली, आणि मामांकडं बघून म्हणाला, "व्हय. मीच म्हणलो. हौस आल्ती."

मामा मान हलवत गेले. मला वाटलं, मास्तर आता माझ्याकडं बघंल. त्यानं क्लारनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पुसून पेटीत ठेवला. मी म्हणालो, "जेवून जावा." तो म्हणाला, "बघू."

लग्न लागलं. अक्षता टाकताना मांडवातून मला टेम्पो दिसत होता. डीजेवाल्यानं मास्तरला केबिनच्या सावलीत बसवलं होतं. दोघं कसल्या तरी बटनांवर वाकले होते. मास्तर बोटानं काही दाखवत होता, डीजेवाला मान हलवत होता. ड्रायव्हरही तिथंच पायरीवर बसला होता. निळ्या कोटवाल्यांचा माणूस तिथं होता आणि मी, लाल कोटवाल्यांचा, मांडवात लोकांचे नमस्कार घेत होतो. तिथवर तीस पावलं असतील. मी गेलो नाही. पंगत उठेपर्यंत मास्तर निघून गेला होता. जेवला की नाही, हे विचारायचंही मला धाडस झालं नाही.

रात्रभर मी पडून होतो. झोप आली असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात गेलो. ड्रायव्हर एकटाच होता. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "काल मी मामांना खोटं बोललो."

"ठाव हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच. मामा मांडवभर सांगत होते, म्हाताऱ्याचाच हट्ट होता म्हणून. पर मूठ कशी मिटली ते तूच हितं दाखवलं न्हाई का? सगळ्या हॉटेलाला ठाव हाय, कुनी कुनाला आणलं ते."

म्हणजे माझं खोटं मामा सोडले तर कुणालाच पटलं नव्हतं, आणि लोक माझ्या वयाकडं बघून गप होते. ड्रायव्हरनं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "मला कावून सांगतो बे? जिथं सांगायचं तिथं जा."

मी चहा घेतला नाही. बीडला जाणारी एसटी धरली, बीडला उतरून गेवराईची धरली, आणि फाट्यापासून चालत गेलो. मास्तर दारात बाजेवर बसला होता, दुधात कुस्करलेली भाकर खात होता. तोंडात कवळी नव्हती. लेक उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी तिच्याकडं बघून बोललो, कारण त्याच्याकडं बघून बोलता येईना.

"बाई, तुझ्या बापानं हट्ट धरला न्हवता. दोनदा न्हाई म्हणले. मी बळजबरी सुपारी दिली. आन् कवळी पडल्यावर नवरीच्या मामांना म्हणलो, हट्ट त्यांचाच होता."

तिनं सूप बाजूला ठेवलं. बापाकडं बघितलं. मास्तरनं घास गिळला.

"मी हिला रातीच सांगितलं होतं, हौस माझीच होती म्हणून," तो म्हणाला. "आता मला घरात खोटं पाडलं तुमी."

लेक उठून आत गेली. मला वाटलं, आता दार लागंल. ती पाणी घेऊन आली. मास्तर बाजेवर सरकला, शेजारी हात थोपटला, "बसा." मी चपला काढल्या, पाणी पिलो आणि बाजेवर न बसता खाली जमिनीवर बसलो.