रंगपंचमीला सांडपाण्याच्या मागावर

पुण्याहून निघालो तेव्हा मोटारीत रिकाम्या बाटल्यांची खोकी, एक पत्र्याचा डबा, डॉक्टर केळशीकर, त्यांच्या सहकारी नलिनी सामंत आणि मी एवढा ऐवज होता. बाकी सगळ्यांचं काम ठरलेलं होतं. मी कशासाठी, हे मात्र मोटार सुटेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर विद्यापीठात सांडपाणी आणि रोगराई यांवर संशोधन करतात. आपण जिथे नाकाला रुमाल लावतो, तिथे ते डोळ्याला चष्मा लावतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो. दोन्हींचा संबंध काय, असं मी विचारलंच.

"तुम्ही गावकऱ्यांशी बोलायचं," डॉक्टर म्हणाले. "मागच्या खेपेला मी पाटलांना विचारलं, तुमचं मलमूत्र कुठे जातं? ते पानावरून उठून गेले."

"सर, ते जेवत होते," नलिनीबाई म्हणाल्या.

तर आमची ही मोहीम पिंपरीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला आत असलेल्या एका गावासाठी होती. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल. त्या गावात मुदतीचा ताप (विषमज्वर) पसरला होता आणि सगळा आळ एका बाईवर आला होता. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहताहेत, तिथले कामगार आसपासच्या गावांत राहायला येताहेत. त्यांच्यासाठी परभणीकडची गोदाबाई नावाची विधवा इथे खानावळ चालवते. तिच्या मोरीचं पाणी विहिरीत झिरपतं आणि ताप येतो, असा निकाल गावाने देऊन टाकला होता. पाटलांनी चावडीवर तिला बजावलं होतं, "डॉक्टर तुझ्या मोरीत रंग टाकणार. हिरीत रंग दिसला, तर चूल उचलायची आन गाव सोडायचं." बाई कबूल झाली होती. तो रंग आमच्या डब्यात होता.

पिंपरीला पहिला थांबा. सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत दुकानांची रांगच्या रांग उभी राहिली आहे. एका दुकानात आम्ही डाळ आणि पकवान (मैद्याची कडक, चपटी पुरी) खाल्लं. पकवान मोडताना असा आवाज होतो की शेजारचा माणूस वळून बघतो. मी दुसरं मागवलं तेवढ्यात नलिनीबाई उठल्या आणि समोरच्या गटारातून बाटली भरू लागल्या. दुकानदार गल्ला सोडून धावला.

"बहनजी, यह मत पियो! मैं साफ पानी देता हूँ!"

मी त्याला समजावलं. त्याने नलिनीबाईंकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि माझ्या पानात कांदा जरा जास्तच वाढला. माझी दया आली असावी.

पुढे नाक्यावर मोटार अडवली गेली. दारूबंदीचे दिवस. मागच्या खोक्यात घट्ट बुचाच्या बाटल्या, आत तपकिरी पाणी. शिपायाचे डोळे चमकले.

"काय हाय यात, राव?"

"गटाराचं पाणी," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलतच नाहीत, हा त्यांचा मोठा दोष आहे.

"आमी काय नवं आलोय व्हय?" असं म्हणून त्याने बूच काढलं आणि बाटली नाकाला लावून भरपूर श्वास घेतला. मग बूच स्वतःच नीट बसवलं आणि हाताने रस्ता दाखवला. "जावा. लौकर जावा."

गावाच्या वेशीत शिरलो आणि एक बादलीभर लाल पाणी मोटारीच्या काचेवर फाडकन आपटलं. मागोमाग निळं. मग पिवळं.

"हे काय?" डॉक्टर ओरडले.

"रंगपंचमी, सर."

डॉक्टर सुन्न झाले. रंग टाकून पाण्याचा माग काढायला वर्षातला हाच एक दिवस त्यांनी निवडला होता. गावातली प्रत्येक मोरी, प्रत्येक ओघळ रंगाने वाहत होता.

"मी परवाच म्हटलं होतं, आज रंगपंचमी आहे," नलिनीबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्ही सुट्टी मागताय!"

प्रयोग दुसऱ्या दिवसावर गेला. डबा पाटलांच्या ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवला. पाटलांनी मोठ्या हौसेने आम्हाला नवं न्हाणीघर आणि त्याला लागून बांधलेला संडास दाखवला. गावातला पहिलाच. पांढरं सिमेंट, लोखंडी कडी. "मुंबैला बघून बांधलाय," ते म्हणाले.

"पाणी कुठे जातं?" डॉक्टरांनी विचारलंच.

"दोन्हीला मागं येकच खड्डा हाय की. दगडगोटं भरल्यात. जमीन पिती समदं."

डॉक्टरांनी मागच्या भिंतीवरून मान वर करून पलीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मला त्यासाठीच आणलं होतं.

दुपारी गोदाबाईकडे जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांद्याच्या पातीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. बाई उंच, सडसडीत, बोलण्यात सरळ.

"उद्या सगळ्यांच्या म्होरं टाका रंग," ती डॉक्टरांना म्हणाली. "अन् माझ्याकडनं निघाला तर तसंच सांगा. मी जाईन. पण कामून जायचं, ते डोळ्यानं दिसू द्या."

"गेलीस तर कुठे जाशील?" मी विचारलं.

"ते ठाव असतं तर इथं आले असते का, साहेब? खा. भाकरी गार होतीया."

संध्याकाळी आम्ही चाकणला जाऊन तिथल्या बाजाराच्या नाल्याचं पाणी भरलं. चाकणला कांदा दिसायच्या आधी भेटतो. गाड्यांवर कांदा, ओट्यावर कांदा, झोपलेल्या हमालाच्या उशाला कांदा. डॉक्टरांनी या खेपेला पहिल्यांदाच नाकाला रुमाल लावला. तिथल्याच शाळेत मुक्काम केला आणि सकाळी परत गावात आलो.

विहिरीवर ही गर्दी! वाकून पाहिलं आणि माझ्या तोंडून "अहाहा!" निघून गेलं. उन्हाची तिरीप पडलेली, आणि पाणी असं हिरवं झळाळत होतं की पोपटाने लाजावं. आमचाच रंग. दुसरा कुठला असा चमकत नाही.

गर्दीच्या मधोमध गोदाबाई उभी होती. कोणीतरी तिची भांडी बाहेर काढायला निघालंही होतं.

"डॉक्टर, लई उपकार झालं," पाटील म्हणाले. "रंग बोलला. बाई, उचल आता चूल."

"पण आम्ही रंग टाकलेलाच नाही!" डॉक्टर म्हणाले.

"टाकला न्हाई तर हिरीत आला कुठनं?"

डॉक्टर धावत ओसरीवर गेले आणि डबा घेऊन आले. झाकण वाकडं, डबा अर्धा रिकामा. गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाईनेच रातच्याला चोरून ओतला असंल. कशाला ओतील? मग कोण?

"अवो, त्यो रंग व्हय? त्यो तर म्या घेतला!"

सगळे वळले. पाटलांचे मेव्हणे सर्जेराव दात घासत मजेत येत होते. सणाला बहिणीकडे आलेले. दाजींना रंगवणं हा मेव्हण्याचा हक्क, आणि तो त्यांनी मनापासून बजावला होता.

"रंगपंचमीला पुण्याचं पाव्हणं डबा घिऊन आलं. म्या उघडून बघितला, तर आत लाल भुकटी. म्हटलं गुलाल. पाण्यात टाकतो तर हिरवीगार! हंडाभर केला आन दाजींला न्हाणीघरात कोंडून नखशिखांत आंगूळ घातली. काय रंग हाय, डॉक्टर! कुठं मिळतो?"

आता सगळ्यांचं लक्ष पाटलांकडे गेलं. पाण्यात हिरवा दिसणारा तो रंग अंगावर पिवळा उतरतो. कानांच्या पाळ्या पिवळ्या, मानेच्या वळ्या पिवळ्या. सकाळपासून फेट्याखाली ते जमेल तेवढं लपवत होते.

"न्हाणीघरात," डॉक्टर हळूच म्हणाले.

गर्दीची नजर पाटलांवरून निघाली, न्हाणीघराच्या भिंतीवर गेली, भिंतीमागच्या खड्ड्यावर आली आणि तिथून उतरत विहिरीच्या काठावर येऊन थांबली. फार लांब जावं लागलं नाही. बोलायला मला आणलं होतं, पण मीही गप्प बसलो. एवढा चांगला प्रवेश कोणी बोलून बिघडवू नये.

गोदाबाईने पदर खोचला. "पाटील, सामानाला गाडी सांगू का?"

पहिलं हसू पाटलीणबाईंचं फुटलं, घराच्या दारातून. मग गाव इतकं हसलं की झाडावरचे कावळे उडाले. एकटे पाटील हसले नाहीत. ते खाली बघत उभे होते आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली. त्यांची धाकटी सूनही त्या तापातून नुकतीच उठली होती, हे मला मागाहून कळलं.

"पहार आना," ते म्हणाले.

त्यांनी न्हाणीघराला आणि संडासाला कुलूप घातलं आणि खड्डा बुजवायला स्वतः उभे राहिले. नवा खड्डा गावाखालच्या उताराला, विहिरीपासून पुष्कळ लांब घ्यायचं ठरलं. नलिनीबाईंनी तोवर प्यायचं पाणी उकळायला सांगितलं आणि विहिरीचा उपसा कसा करायचा ते समजावलं.

गोदाबाई मात्र डॉक्टरांना सोडीना. "माझ्या मोरीत टाकायचं राहिलं की!"

"आता विहीर आधीच हिरवी आहे, बाई. नितळ झाली की येईन."

"या बरं का. लोकांच्या मनात काही रहायला नको."

डॉक्टर शब्दाला जागले. विहीर नितळल्यावर ते पुन्हा गेले आणि सगळ्या गावादेखत तिच्या मोरीत रंग ओतला. मी मुद्दाम सोबत गेलो होतो. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली. विहिरीत काही उतरलं नाही. पण मला सांगायचंय ते विहीर हिरवी झाली त्या दुपारचं.

आम्ही निघण्याआधी खानावळीत जेवायला बसलो होतो. दारात सावली पडली. मातीने भरलेले हात धुऊन पाटील उभे होते. आत यावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. कामगारांची पंगत घास हातात धरून थांबली.

"गोदाक्का," ते म्हणाले. कालपर्यंत ती नुसती बाई होती. "आमच्या घरी आज चूल न्हाई पेटली. पाणी यायला येळ हाय. दोन भाकरी मिळत्याल का?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाट ओढून पंगतीच्या शेवटी मांडला.

"बसा. रांगेनं वाढीन. आधी बसलेल्यांचं होऊ द्या."

आणि पाटील बसले.

परतीच्या वाटेवर डॉक्टर, एवढ्याशा अंतरातून पाणी किती वेगाने झिरपलं, याचं गणित मांडत होते. नलिनीबाई मागे बाटल्या सांभाळत होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मी आजवर पुष्कळ हिंडलो, किल्ले चढलो, लेणी पाहिली आणि त्यांची वर्णनं करून श्रोत्यांना छळलंही. पण कोणी विचारलं, प्रवासात बघण्यासारखं काय पाहिलंत, तर मी हेच सांगतो: पिवळ्या कानांचा एक पाटील पंगतीच्या शेवटच्या पाटावर भाकरीची वाट पाहत बसला होता, आणि गोदाबाई त्याला वाढायची मुळीच घाई करत नव्हती.