खंडेनवमीचं इंजिन

दादा गेला तो गुरुवार होता. दुपारी पोफळीहून फोन आला. संध्याकाळी आम्ही तिकडे पोचलो.

त्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही. लिहिता येतं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या एका खंडेनवमीबद्दल. रत्नागिरीत तेव्हा रेल्वे आली नव्हती; आमच्या माजघरात मात्र होती. दादा पोफळीच्या वीजघरात नोकरीला. सुट्टीत घरी आला की टेबलावर रूळ मांडून वीतभर लांबीची दोन इंजिनं पळवायचा. पंचाईत एकच होती. रुळांत वीज सोडली की दोन्ही एकदम धावत. एकाला थांबवून दुसरं चालवणं काही जमेना.

मग जहाजावरच्या मामेभावाने जर्मनीहून दोन डिकोडर आणि एक कंट्रोल आणला. डिकोडर इंजिनाच्या पोटात बसवायचा. कंट्रोलकडून रुळांवाटे येणाऱ्या हुकमांपैकी आपल्या इंजिनाचा तेवढाच तो मोटरला पोचवतो. पहिला गणपतीत बसला. दुसरा त्या दिवशी बसवायचा होता. मामेभावाने जहाज सोडलं होतं, त्यामुळे हा जळला तर पुन्हा मिळणार नव्हता.

मी माहितीपत्रक वाचत होते, दादा तारांना डाख देत होता.

“मोटरचा सांगाड्याला कुठेही स्पर्श नको, नाहीतर डिकोडर जळेल.”

“बाय, हेच मघापासून वाचतेयस.”

“हेच मघापासून विचारतोयस.”

शेवटची तार जोडून तो हात धुवायला गेला, मी चहा टाकायला. परतलो तर टेबलापाशी आई, हातात तबक. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. कोयती, विळी, दादाची पक्कड, सगळ्यांना तिने ओलं हळदकुंकू लावलं होतं. उघड्या इंजिनालाही, नेमकं मोटरवर.

दादाने मीटर लावला. काटा हलला. ओल्या कुंकवाने मोटर सांगाड्याला जोडली गेली होती.

“आई, हे काय केलंस गो?”

“सगळ्यांना लावलं, मग तुझ्या लाडक्यालाच कसं वगळू?”

“वीज सोडली असती तर जळलं असतं.”

“सोडली नाहीस ना? मग पूस आणि उन्हात ठेव. वीजघरातला साहेब ना तू?”

स्पिरिटच्या बोळ्याने पुसून आम्ही इंजिन सुपात घालून खळ्यात ठेवलं. आई काठी घेऊन कावळे हाकत बसली. दादा सारखा उठून बघायचा.

“भात शिजतोय काय रे, सारखं बघायला?”

ऊन उतरलं तेव्हा मीटर पुन्हा लावला. काटा जागचा हलला नाही. दादाने इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोल फिरवला. पहिलं उभंच राहिलं. दुसरं निघालं. मग पहिलं निघालं आणि दुसरं वळणावर थांबलं, मागे आलं, पुन्हा निघालं. माझ्या हातातलं माहितीपत्रक कधी खाली पडलं, मला कळलं नाही. दादा नुसता हसत होता.

“सर बाजूला,” आई म्हणाली, “मला फिरवू दे.”

त्या संध्याकाळी ती देवापाशी दिवा लावायला विसरली.

आता आई नाही, दादा नाही. दोन्ही इंजिनं माझ्याकडे आहेत. दुसऱ्याच्या मोटरच्या कडेला थोडं कुंकू राहिलं आहे. दोन्ही चालतात.