मायची मूठ

माझ्या मुलीनं परवा स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणून ठेवला. त्यावर वाटी ठेवायची, वाटीत बदाम टाकायचे, आकडा बघायचा आणि जास्तीचे बदाम परत बरणीत टाकायचे. मी विचारलं, "काय गं, सोनाराकडं कामाला लागलीस का?" ती म्हणाली, "आई, बदाम-शेंगदाणे दिसायला थोडे असतात, पण अंगाला जेवणाएवढे लागतात. मोजूनच खायचे." मग मोबाइलमध्ये बघून पुढं म्हणाली, "काटा नसला तर मूठ हेच माप धरायचं."

मला एकदम राग आला. तिचा नाही, त्या मोबाइलचा. मुठीचं माप त्यानं मला शिकवावं? आमच्या घरात वर्षानुवर्षं एकाच बाईची मूठ माप म्हणून चालली. पुढं ती मूठ लहान होत गेली. ती बाई आमच्या डोळ्यांदेखत झिजत चालली होती, मूठ रोज आम्हाला तेच सांगत होती, आणि आम्ही तिला चिक्कू म्हणून हसत होतो.

ती बाई म्हणजे माझी आई. आम्ही तिला माय म्हणायचो.

आमचं गाव लासूर स्टेशनला उतरून पायी जायचं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या, त्यात आमचंही घर गेलं. आम्ही रानात लपलो होतो. सकाळी परत आलो तर भिंती उभ्या होत्या, छप्पर आत पडलं होतं. माय त्या उन्हाळ्यात भुईमूग काढायला गेली होती आणि मजुरीत मिळालेल्या शेंगांचं पोतं कोपऱ्यात ठेवलेलं होतं. वरच्या शेंगांचा कोळसा झाला होता. मायनं काठीनं राख उकरली. खालच्या शेंगा नुसत्या भाजून निघाल्या होत्या. सगळ्या घरात भाजलेल्या शेंगांचा वास सुटला होता आणि मला भूक लागली होती. जळालेल्या घरात उभं राहून भूक लागते, याची मला अजून लाज वाटते.

मायनं त्या शेंगा लुगड्याच्या ओच्यात घेतल्या आणि आम्ही स्टेशनकडं चालायला लागलो. माय, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. वाटेत तिनं प्रत्येकाला एकेक मूठ दिली. भावानं अजून मागितल्या. बाबांनी आपल्यातल्या त्याला द्यायला हात पुढं केला तर तिनं तो हात धरला. म्हणाली, "ज्याच्या त्याच्या वाट्याचं ज्यानं त्यानं खायचं. तुमी उपाशी चालले तर पडसाल, मंग तुमाला कोन उचलंल?" त्या दिवसापासून शेंगदाण्यांचा डबा मायचा. त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. हा आमच्या घरचा रिवाज होऊन बसला, आणि देवाधर्माचे रिवाज आम्ही मोडले असतील, हा एक वेळ सोडली तर कधी मोडला नाही.

औरंगाबाद तेव्हा वाढत होतं. चिकलठाण्याला कंपन्या उभ्या राहत होत्या, गावाकडची माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहून शिफ्टला जात होती. बाबा एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले. पत्रा सरकवायचा, दाबायचा, काढायचा. पुढं वाळूजला मोठ्या कंपन्या आल्या, तेव्हा ते तिकडं गेले आणि आम्ही पुंडलिकनगरात दोन खोल्यांत आलो. पंख्याची हवा, नळाचं पाणी, कंपनीच्या कँटीनचं जेवण. बाबांना पोट सुटलं. मायला त्या पोटाचं फार कौतुक होतं. शेजारणींना सांगायची, "आमच्या घरात पैल्यांदा कुनाला पोट आलं."

बाबांना शेंगदाण्यांचं वेड होतं. शिफ्टवरून आले की हातपाय धुवायचे आणि डब्याजवळ लहान मुलासारखे हात पसरून बसायचे. माय एक मूठ भरून त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते एकेक दाणा चोळून, फोलपट फुंकून, चवीनं खायचे. संपले की म्हणायचे, "आता तुज्या दुसऱ्या हाताची मूठ दे. त्या हातानं काय पाप केलंय?" मग माय कधी द्यायची, कधी हातावर चापट मारायची.

मग बाबांच्या छातीत कळ आली. कंपनीतूनच दवाखान्यात नेलं. वाचले, पण डॉक्टरांनी लांबलचक पथ्य सांगितलं. तेल कमी, मीठ कमी, वजन उतरवायचं. शेंगदाण्यांचं नाव निघालं तसे बाबा खुर्चीत सरळ झाले. डॉक्टर म्हणाले, "चांगले असतात, पण त्यांत तेल फार. दिवसाला मूठभर. त्याच्यावर एक दाणा नको." मग मायकडं वळून म्हणाले, "आणि यांच्या जिवाला घोर लागेल असं घरात काही नको." पहिलं वाक्य बाबांनी लक्षात ठेवलं. दुसरं मायनं.

बाबांच्या पथ्यात एकदाच खंड पडला, तोही मायमुळं. नामांतराचा सत्याग्रह चालू होता. आमच्या भागातल्या बायका गेल्या, त्यांच्यात माय गेली आणि सगळ्याजणी हर्सूलच्या जेलात जाऊन बसल्या. घरात डबा आणि बाबा दोघंच समोरासमोर. मी बघत होते. पहिल्या दिवशी त्यांनी झाकणाला हात लावला नाही. मग मायची मूठ आठवून अंदाजानं घेतले. मग अंदाज वाढत गेला. डबा संपला तसे शहागंजात दाणे भाजून विकणाऱ्या भट्टीवाल्या चाचांकडं स्वतः गेले. चाचांनी दाणे मोजायच्या आधी विचारलं, "भाभी को मालूम है क्या, मियाँ?" बाबा म्हणाले, "भाभी जेल में हैं." चाचा म्हणाले, "तो फिर आधा किलोच लेव. वो छूट के आएँगी तो हम दोनों को अंदर डालेंगी."

माय सुटून आली ती घोषणा देऊन देऊन घसा बसलेली. आधी डबा उघडला, मग बाबांकडं पाहिलं. आवाज फुटत नव्हता म्हणून बाबा त्या दिवशी वाचले. जेलातली गोष्ट ती नंतर सांगायची. बाहेरून कुणीतरी भाजलेल्या दाण्यांचं पोतं आत पोचवलं होतं आणि बायकांत वाटणीवरून कुरबूर झाली. तेव्हा आमच्या गल्लीतली एक म्हातारी, जी मायबरोबर आत होती, म्हणाली, "हिच्या मुठीनं वाटा. घरी नवऱ्याला दानं मोजून देती ही." मग सगळ्या बराकीला मायच्या मुठीनं दाणे मिळाले. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

पुढं माझं लग्न झालं, मी जालन्याला गेले. सणावाराला यायचे. एकदा आले तेव्हा बाबांनी मला तळहात दाखवला. दाणे मधल्या खोलगटातच मावले होते. "बघ तुजी माय. लई चिक्कू झाली. चिमन्यायला टाकतेत एवढं देती मला." माय चुलीजवळून म्हणाली, "डाक्टरनं सांगितलंय." भाऊ म्हणाला, "माय, डॉक्टरनं मूठभर सांगितलंय, चिमूटभर नाही." आम्ही सगळे हसलो. मायही हसली. बाबांचं वजन उतरत होतं, डॉक्टर खूश होते, आणि आमची समजूत अशी की माय जास्तच कडक झाली आहे. पुढच्या वेळी आले तर दाणे आणखी कमी. बाबा खरंच चिडले होते. "मी कमवून आनतो अन् मलाच मोजून मापून," असं म्हणून त्यांनी हात झटकला आणि दाणे फरशीवर सांडले. मायनं खाली बसून एकेक दाणा वेचला, पुसला आणि परत त्यांच्या हातावर ठेवला. उठताना तिनं भिंतीला हात टेकला. ते मी पाहिलं होतं. बायका उठताना भिंतीला हात टेकतातच, असं मला वाटलं.

ती मुठीत जेवढे बसतील तेवढेच देत होती. तिनं माप कधीच कमी केलं नव्हतं.

तिच्या पोटात गाठ होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, नंतर तेवढेही जाईनात. एकदा ती एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. तिथं तिला भरती व्हायला सांगितलं होतं. ती घरी आली आणि तिनं भाकरी थापली. हे सगळं तिनं आम्हाला नंतर सांगितलं, जणू दुसऱ्या कुठल्या बाईची हकीकत सांगतेय तसं. मी तिच्यावर ओरडले. म्हणाले, "एक शब्द बोलायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "ह्यांचं काळीज आधीच फाटकं. त्याला घोर नाय लावायचा म्हनले व्हते ना." मला तिचा इतका राग आला होता की मी उठून बाहेर गेले. त्या रागाचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

पण आम्हाला कळलं ते असं. विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी आमच्या गल्लीत दिवाळी होती. मी मुद्दाम आले होते. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. कुणी पेढे आणले, कुणी जिलबी. मायनं पाटीभर शेंगदाणे आणि गूळ घेतला आणि दारात बसली. म्हणाली, जेलात मी वाटले, आजही मीच वाटणार. येणाऱ्याच्या हातावर मूठ रिकामी करायची, गुळाचा खडा ठेवायची. बाबा तिच्या शेजारी उभे होते. सकाळीच त्यांनी आपल्या वाट्यावरून तिच्याशी अबोला धरला होता, पण आज तो कुणाला टिकवता येणार होता? त्यांनीही हात पुढं करून आपली मूठ घेतली.

मग ती म्हातारी आली, जेलातली. तिनं हात पसरला. मायनं मूठ रिकामी केली. म्हातारी हातावरच्या दाण्यांकडं बघत राहिली. तिनं ते तोंडात टाकले नाहीत, गूळही घेतला नाही. मग तिनं मायचा हात धरून उलटा केला, परत सुलटा केला, आणि बोटं चाचपून पाहिली.

"बाई," ती म्हणाली, "ही तुजी मूठ नाय."

माय म्हणाली, "माजीच हाय की. दुसऱ्याची कुटून आनू?"

"नाय. तुजी मूठ मी खाल्लेली हाय. काय झालंय तुला?"

गल्लीत ढोल वाजत होता. बाबांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं, मग मायच्या हाताकडं. खाली बसले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा अंगठा बोटांवर चढून पुढं गेला. माझ्या बापाला मी गाव सोडतानाही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळेच रडत होते, म्हणून त्यांचं रडणं कुणाला वेगळं दिसलं नाही. तिचा हात कोपरापर्यंत चाचपत ते एवढंच म्हणत होते, "अगं, मी तुला चिक्कू म्हनलो गं."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि बाबांना नाही, भावाला बाजूला घेतलं. फार उशीर झाला होता. काही दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं.

शेवटी शेवटी तिला मूठ वळता येत नव्हती. तरी शिफ्टची वेळ झाली की ती डब्याकडं बघायची. बाबा कामाला जात नव्हते, पण वेळ तीच. एकदा बाबा उठले, डबा आणला आणि तिच्या अंथरुणाशी बसले. झाकण त्यांनी काढलं, पण स्वतःचा हात आत घातला नाही. तिचा हात उचलून डब्यात ठेवला, तिची बोटं आपल्या हातानं मिटवली आणि तसाच तो बाहेर काढून आपल्या तळहातावर उघडला. फार थोडे दाणे होते. ते त्यांनी तिच्यासमोर बसून एकेक चोळून, फोलपट फुंकून खाल्ले. "लई झाले," ते म्हणाले. माय त्यांच्याकडं बघत होती. समाधान झालेलं माणूस बघतं तसं. असं ते रोज चाललं, ती जाईपर्यंत.

ती गेल्यावर बाबा माझ्याकडं येऊन राहिले. मी त्यांना माझी मूठ भरून दाणे द्यायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला. रागानं नाही. म्हणाले, "राहू दे, मी घेतो." माझ्या डब्यात त्यांनी स्वतः हात घातला आणि मोजकेच दाणे उचलले, तळहाताच्या खोलगटात मावतील एवढे. मी वाढायचा प्रयत्न केला, चिडले, चिक्की करून पाहिली. त्यांनी माप बदललं नाही.

काही वर्षांनी मी त्यांना औरंगाबादला डॉक्टरांकडं घेऊन गेले. तेच डॉक्टर, केस पिकलेले. त्यांनी कागद पाहिले, काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. म्हणाले, "असं पथ्य पाळणारा माणूस मी पाहिला नाही. पण आता वजन फार उतरलंय. शेंगदाणे आवडायचे ना तुम्हाला? खात जा. चांगले मूठभर खा."

बाबांनी आपला तळहात उघडला आणि त्याच्या मधोमध बघत राहिले.

"मूठभरच खातो, साहेब," ते म्हणाले.