मंडईच्या दिवशीचं ताट

आमच्या भागात खर्रा कोणी एकट्यानं खात नाई. प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी, तंबाखू अन् चुना घोटला की पहिली चिमूट बाजूले बसलेल्याच्या हातावर. वैऱ्याले बी देतात. जो देत नाई तो कंजूस, जो घेत नाई तो गर्विष्ठ. असाच एकमेकाले मान देता देता माझ्या नवऱ्याच्या गालात कॅन्सर झाला अन् अर्धा जबडा नागपूरच्या दवाखान्यात राह्यला.

ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला. बिमारी गेली म्हणाले. मंग मागच्या खेपेले डॉक्टरनं टॉर्च मारला अन् थांबला. गालाच्या आत पांढरा डाग. "आताच काही सांगता येत नाही. पुढच्या वेळी पाहू." पाहू म्हणे! तोवर आमी काय करावं बाप्पा? तेव्हापासून रोज सकाळी हे तोंड उघडतात अन् मी मोबाईलचा लाईट लावून पाहते. कधी डाग तेवढाच दिसते, कधी मोठा वाटते. मले डागाचा राग येत नाई, त्याले काय समजते! मले राग येते त्यांच्या दोस्ताचा.

शाळेच्या मागं पहिला खर्रा त्यानंच चारला होता. ऑपरेशनच्या टायमाले एकदा बी फिरकला नाई. "मले दवाखान्यात चक्कर येते वहिनी," म्हणे. अन् धान निघाल्यावर गावात मंडईची जत्रा भरली तर हा बेशरम आमच्या ओसरीवर हजर!

मंडईच्या पाहुण्याले कोंबडीचा रस्सा पायजेच. मी चुलीपाशी होती. पाह्यलं तर दोस्तानं पन्नी काढली, घोटली, अन् सवयीनं चिमूट माझ्या नवऱ्यासमोर धरली. अन् माझ्या नवऱ्याचा हात पुढं गेला.

"खबरदार!" मी अशी ओरडली का सगळे पाहुणे वळून पाहू लागले. यांनी हात मागं घेतला. दोस्त दात काढून म्हणे, "चिमूटभरानं काय होते वहिनी? बरा झाला ना आता गडी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण मी हासली. "बसा भाऊ, जेवूनच जा." बाकीच्यायले रस्सा वाढला. त्याच्या ताटात मात्र नवऱ्यासाठी करते तेच टाकलं. भात, वरण अन् भोपळा, मिक्सरमधून काढलेला गोळा. तिखटाचा कण नाई.

"हे काय वहिनी?"

"तुमच्या दोस्ताचं जेवण. माझ्या घरी आजपासून तुमाले हेच भेटन. खा! उष्टं टाकलं तर साऱ्या मंडईत बोंब मारीन."

दोन घास त्यानं कसेबसे गिळले. मान खाली, कान लाल. खोटं कायले सांगू, काळीज थंड झालं माझं. अजून जिरवावी वाटत होती. तिसरा घास काही त्याच्यानं झाला नाई. ताट सरकवलं, चप्पल पायात घातली अन् निघून गेला.

ते ताट माझ्या नवऱ्यानं आपल्याकडं ओढलं. जबडा कापल्यापासून त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कोणाले समजत नाई. ते म्हणाले, "त्याले शिक्षा म्हून वाढलं तू. मी तर रोज हेच खातो. माझा काय गुन्हा?"

"हात काऊन पुढं केला तुमी?"

ते म्हणाले, "डाग वाढतच असन तर एक चिमूट काय अन् दहा काय."

मले त्या दोस्ताचा आला नसन एवढा राग आला. मी त्यांच्यासमोर बसली, तो हात मनगटापाशी गच्च धरला, अन् दुसऱ्या हातानं घास त्यांच्या तोंडात कोंबला. पाहुणे पाहून राह्यले होते, पाहू दे. "गिळा," मी म्हटलं. "नागपूरचा डॉक्टर बोलल्याशिवाय मरायचं नाई तुमी." त्यांनी गिळलं. मी दुसरा घास कालवला.